घड्याळ कोणाचे, हे आधी विचारा

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

माझे एक ज्येष्ठ सहकारी आहेत. व्यवसायाने अभियंता, वाचन दांडगे, स्वभाव सरळ. बायबलमधील सृष्टिनिर्मितीचे वर्णन अक्षरशः खरे आहे आणि पृथ्वीचे वय सहा हजार वर्षांच्या आसपास आहे, अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यावरून आमच्यात कधी वाद झाला नव्हता. अलीकडे त्यांनी मला श्वेतविवरावर, म्हणजे कृष्णविवराच्या उलट रूपावर, आधारलेले विश्वाचे एक प्रतिरूप (मॉडेल) वाचायला दिले. त्यात म्हटले आहे की विश्वाला मध्य आणि कडा आहे, पृथ्वी त्या मध्याजवळ आहे, सारे विश्व एका श्वेतविवरातून बाहेर पडले, आणि त्या वेळी आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार पृथ्वीवरचा काळ जवळजवळ थांबला असताना दूरच्या ताऱ्यांवर अब्जावधी वर्षे लोटली. म्हणजे सहा दिवसांची निर्मितीही खरी आणि दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश इथवर पोहोचला हेही खरे. या विषयावर आमच्या अभ्यासमंडळात जाहीर वादविवाद व्हावा, असा त्यांचा आग्रह आहे. मी पदवीपर्यंत भौतिकशास्त्र शिकले, पण व्यापक सापेक्षता, म्हणजे आइन्स्टाइनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत, मला येत नाही. हे प्रतिरूप शास्त्रीय कसोटीवर टिकते का? मी आव्हान स्वीकारावे का? आणि स्वीकारल्यास त्यांना न दुखावता बोलावे कसे?

उत्तर:

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आडवळण न घेता देतो. हे प्रतिरूप शास्त्रीय कसोटीवर टिकत नाही. मात्र ते धार्मिक हेतूने मांडले गेले म्हणून टिकत नाही, असे मी म्हणणार नाही आणि तुम्हीही म्हणू नका. मांडणाऱ्याचा हेतू काहीही असो, समीकरणांतून जे निघते ते निघते. हे प्रतिरूप पडते ते त्याच्या स्वतःच्या समीकरणांमुळे, आणि हे दाखवून देण्यासाठी तुम्हाला व्यापक सापेक्षतेतील गणित सोडवून दाखवण्याची गरज नाही. ‘कोणाच्या घड्याळाप्रमाणे?’ हा एकच प्रश्न शेवटपर्यंत न सोडण्याची चिकाटी पुरेशी आहे.

प्रथम या मांडणीचा उगम पाहू. अमेरिकेतील सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेत काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ रसेल हम्फ्रीज यांनी ती १९९४ मध्ये पुस्तकरूपाने मांडली. त्यांच्यासमोरची अडचण खरी होती. देवयानी दीर्घिका सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे आणि ती नुसत्या डोळ्यांनी दिसते. विश्व सहा हजार वर्षांचे असेल, तर हा प्रकाश इथे आलाच कसा? यावर सृष्टिनिर्मितीवाद्यांचे एक जुने उत्तर असे की देवाने प्रकाश वाटेतच निर्माण केला. या उत्तराची गैरसोय मोठी आहे. १९८७ मध्ये मोठ्या मॅगेलनी मेघात, म्हणजे आपल्या शेजारच्या एका छोट्या दीर्घिकेत, सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षे अंतरावर, एका ताऱ्याचा स्फोट झालेला दिसला. प्रकाश वाटेतच निर्माण झाला असेल, तर तो तारा कधी अस्तित्वातच नव्हता आणि आपण पाहिले ते न घडलेल्या घटनेचे चित्र होते, असे मानावे लागते. हम्फ्रीज यांनी ही पळवाट न घेता ताऱ्यांचा इतिहास खराच घडला असे धरले आणि तो भौतिकशास्त्राच्या चौकटीत बसवण्याचा प्रयत्न केला. त्या प्रामाणिकपणाची दाद द्यायला हवी, आणि तुमच्या सहकाऱ्यांशी बोलताना ती मोकळेपणाने द्या.

दुसरी गोष्ट, श्वेतविवर हा शब्द ऐकून हसू नका. सभेत असे हसू हमखास अंगाशी येते. कार्ल श्वार्ट्झशिल्ड यांनी १९१६ मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांची जी उकल शोधली, तिचा पूर्ण विस्तार १९६० मध्ये मार्टिन क्रुस्कल यांनी दाखवला, तेव्हा कृष्णविवराबरोबरच त्याचे कालाच्या उलट दिशेने जाणारे प्रतिबिंबही त्या गणितात असल्याचे स्पष्ट झाले. कृष्णविवरातून काही बाहेर येऊ शकत नाही, तर श्वेतविवरात काही आत जाऊ शकत नाही. इगॉर नोव्हिकोव्ह यांनी १९६४ मध्ये असे सुचवले की विश्वाच्या प्रसरणात मागे राहिलेले काही भाग उशिरा प्रसरण पावत असतील आणि तीच श्वेतविवरे असतील. जयंत नारळीकर, अप्पाराव आणि नरेश दधीच यांनी १९७४ मध्ये श्वेतविवरे ही उच्च ऊर्जेच्या प्रारणाचे उगम असू शकतील का, याचा विचार मांडला होता. त्याच वर्षी डग्लस अर्डली यांनी दाखवले की श्वेतविवर अस्थिर असते. भोवतीचे द्रव्य त्याच्याभोवती साचत जाते आणि ते लवकरच कृष्णविवरात गडप होते. अलीकडे कार्लो रोव्हेली यांच्यासारखे शास्त्रज्ञ कृष्णविवराचा शेवट श्वेतविवरात होत असेल का, हा प्रश्न पुंज सिद्धांताच्या अंगाने तपासत आहेत. आजवर आकाशात एकही श्वेतविवर निःसंशयपणे आढळलेले नाही. तरीही कल्पना म्हणून ती प्रतिष्ठित आहे, आणि तुमचे सहकारी तिचा दाखला देतात तेव्हा ते काही भलतेसलते बोलत नसतात.

गुरुत्वाकर्षणाने काळ मंदावतो, हेही शंभर टक्के खरे. हार्वर्ड विद्यापीठात पाउंड आणि रेबका यांनी १९६० च्या सुमारास अवघ्या साडेबावीस मीटर उंचीच्या मनोऱ्यात हा परिणाम मोजला. जीपीएसच्या उपग्रहांवरील घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि ही तफावत धरली नाही तर फोनमधला नकाशा पार भरकटेल. पण या परिणामाचा आकार लक्षात घ्या. दूर अवकाशातील घड्याळाच्या तुलनेत, पृथ्वीच्या स्वतःच्या गुरुत्वाकर्षणामुळे जमिनीवरचे घड्याळ वर्षाला जेमतेम दोन शतांश सेकंद मागे पडते. तुमच्या सहकाऱ्यांना मात्र एका दिवसात सुमारे १,३८० कोटी वर्षे बसवायची आहेत, म्हणजे ५ लाख कोटी पटींचा फरक हवा आहे. तेवढा फरक मिळवण्यासाठीच हम्फ्रीज यांना श्वेतविवराचे घटना क्षितिज, म्हणजे एकाच दिशेने ओलांडता येणारी त्याची सीमा, लागले, कारण क्षितिजाजवळ काळ ‘थांबतो’, असे आपण सर्वांनी कुठे ना कुठे वाचलेले असते.

मेख याच वाक्यात आहे. क्षितिजाजवळ काळ थांबतो, पण तो कोणाच्या दृष्टीने?

१९३९ मध्ये ओपेनहायमर आणि स्नायडर यांनी स्वतःच्या भाराने कोसळणाऱ्या धुळीच्या गोळ्याचे गणित सोडवले. त्यांना दोन उत्तरे मिळाली आणि दोन्ही बरोबर होती. फार दूर स्थिर राहून पाहणाऱ्याला तो गोळा क्षितिजाशी येऊन जणू गोठल्यासारखा दिसतो. गोळ्याबरोबर आत कोसळणाऱ्याचे घड्याळ मात्र नेहमीच्या गतीने चालते, मोजक्या वेळात तो क्षितिज ओलांडतो आणि ओलांडताना त्याला काही विशेष जाणवतही नाही. हम्फ्रीज यांचे विश्व म्हणजे स्थूलमानाने हेच गणित उलट्या दिशेने चालवलेले, धुळीचा गोळा क्षितिजातून बाहेर प्रसरण पावत आहे असे. त्यात पृथ्वी कुठे आहे? ती दूर स्थिर उभी नाही. ती त्या धुळीचाच एक कण आहे, आणि प्रत्येक दीर्घिकाही तशीच आहे. प्रसरणाबरोबर वाहणाऱ्या अशा प्रत्येक कणाचे घड्याळ आरंभापासून सारखाच काळ दाखवते. मध्याजवळच्या कणाचे घड्याळ मंद आणि काठाजवळच्या कणाचे वेगवान, असे त्या उकलीत घडत नाही. गोळ्याच्या आतली भूमिती तीच आहे, जी अलेक्झांडर फ्रीडमन यांनी १९२२ मध्ये मांडली आणि जिच्यावर महास्फोटाचा सिद्धांत उभा आहे.

मग काळ थांबल्याचे गणित आले कुठून? ते आले एका विशिष्ट काल-निर्देशकातून. समीकरणे मांडताना घटनांना क्रमांक देण्यासाठी आपण निर्देशक निवडतो, आणि श्वार्ट्झशिल्ड यांचा काल-निर्देशक हा दूरच्या स्थिर निरीक्षकाच्या सोयीचा असतो. क्षितिजाशी तो अनंताकडे जातो. मर्केटरच्या नकाशात ग्रीनलँड आफ्रिकेएवढे दिसते, प्रत्यक्षात ते तिच्या चौदाव्या हिश्शाएवढे आहे. पण नकाशाच्या या करणीमुळे ग्रीनलँडमध्ये चालणाऱ्या माणसाला एकही पाऊल जास्त टाकावे लागत नाही. तसाच हा निर्देशक. तो क्षितिजाशी बिघडतो म्हणून पृथ्वीवरच्या घड्याळाचा एकही ठोका चुकत नाही.

विश्वाला कडा आहे, म्हणून आमचे प्रतिरूप वेगळे, असे उत्तर यावर येईल. त्यालाही शंभर वर्षांपूर्वीचे उत्तर आहे. जॉर्ज बर्कॉफ यांचे १९२३ चे प्रमेय असे सांगते की गोलाकार सममिती असलेल्या रचनेत बाहेरच्या कवचांचा आतल्या भागाच्या गुरुत्वीय वर्तनावर परिणाम होत नाही. म्हणून कडा असो वा नसो, तिच्यापासून दूर आत असलेल्या निरीक्षकाला दोन्ही विश्वे सारखीच. काठावरून येणारा प्रकाश जोवर त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, तोवर कडा आहे हे त्याला कोणत्याही मोजमापाने कळणार नाही, मग तिच्यामुळे त्याचे घड्याळ मंदावणे तर दूरच.

हे सगळे माझे शोध नव्हेत. सॅम्युअल कॉनर आणि डॉन पेज या दोघांनी १९९८ मध्ये एक सविस्तर लेख लिहून दाखवून दिले की हम्फ्रीज यांची गृहीतके जशीच्या तशी घेऊन गणित नीट केले, तर हाती येतो तो महास्फोटाचाच सिद्धांत, आणि पृथ्वीवरची घड्याळेही अब्जावधी वर्षेच दाखवतात. हा लेख सृष्टिनिर्मितीवाद्यांच्याच नियतकालिकात प्रसिद्ध झाला, हे त्या नियतकालिकाला भूषणावह आहे. डॉन पेज हे स्टीफन हॉकिंग यांच्याबरोबर काम केलेले सापेक्षतेचे तज्ज्ञ, आणि स्वतः श्रद्धाळू इव्हँजेलिकल ख्रिस्ती. ही गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे उपयोगी पडेल.

आता गणित बाजूला ठेवू आणि आकाश काय सांगते ते पाहू, कारण तुमच्या श्रोत्यांना तेच पटेल. समजा गणितात काहीतरी राहून गेले आणि इथली घड्याळे खरोखरच दूरच्या घड्याळांच्या मानाने मंद आहेत. मग दूरच्या सर्व घटना आपल्याला घाईघाईने, चित्रफीत वेगाने चालवावी तशा दिसायला हव्यात आणि त्यांचा प्रकाश वर्णपटाच्या निळ्या टोकाकडे सरकलेला हवा. दिसते ते नेमके उलट. दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश तांबड्या टोकाकडे सरकलेला असतो. ‘डार्क एनर्जी सर्व्हे’ या प्रकल्पातील १,५०४ अतिनवताऱ्यांचा, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्यांचा, अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की तारा जितका दूर, तितकी त्याच्या स्फोटाची चढउतार आपल्याला अधिक संथ दिसते, आणि हा संथपणा प्रसरणाच्या सिद्धांताने सांगितलेल्या प्रमाणाशी तंतोतंत जुळतो. जवळचे उदाहरण हवे असेल तर १९८७ चा तोच स्फोट घ्या. त्याचे मावळते तेज काही काळ कोबाल्ट-५६ या किरणोत्सारी मूलद्रव्याच्या ऱ्हासावर टिकून होते. या कोबाल्टचे अर्धायुष्य, म्हणजे त्यातला निम्मा भाग ऱ्हास पावायला लागणारा काळ, प्रयोगशाळेत सुमारे ७७ दिवसांचे मोजले गेले आहे, आणि १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षांवरचे ते तेजही त्याच गतीने उतरत गेले. तिथला दिवस आणि इथला दिवस यांत फरक आढळला नाही.

इथे मात्र तुम्हाला सावध करायला हवे, कारण पुष्कळ जण हा मुद्दा मांडून विजयी मुद्रेने खाली बसतात आणि मग फसतात. तुमचे सहकारी जाणकार असतील तर म्हणतील: ‘काळ मंदावला तो निर्मितीच्या चौथ्या दिवसापुरता, बायबलनुसार तारे निर्माण झाले त्या दिवसापुरता. आज घड्याळे सारखी आहेत, त्यामुळे आजच्या प्रकाशात काही दिसणार नाही.’ हे उत्तर चुकवता येण्यासारखे नाही. आज येणारा दूरचा प्रकाश त्या वेळी वाटेत होता असे मानले, तर त्याच्यावर घाईची खूण उरलीच पाहिजे असे म्हणता येत नाही. म्हणून आकाशाचा पुरावा काळाचा फरक ‘आजही चालू आहे’ या दाव्याला खोडतो, ‘एकदाच झाला’ या दाव्याला नव्हे, हे आधीच मान्य करा. मग पुढचा प्रश्न विचारा. चौथ्याच दिवशी आकाशात तारे दिसू लागले असतील, तर त्या एका दिवसात इथे किती वर्षांचा प्रकाश पोहोचला? ताऱ्याने अब्जावधी वर्षांत सोडलेला प्रकाश एका दिवसात इथे आला असेल, तर कारण कोणतेही असो, त्याची आंदोलने त्याच प्रमाणात दाटीने आली असणार, हा साधा हिशेब आहे. प्रकाशकण ५ लाख कोटी पट अधिक वेगाने कोसळणार आणि प्रत्येकाची ऊर्जाही तितक्याच पटींनी वाढलेली असणार. दृश्य प्रकाशाचे घातक गॅमा किरण होतील आणि वरून त्यांची झड लागेल. त्या दिवशी पृथ्वीवर गवताचे पातेही शिल्लक राहिले नसते, आणि ज्या ग्रंथासाठी हे सारे केले त्यात तर वनस्पती तिसऱ्याच दिवशी उगवलेल्या आहेत.

आणखी एक साक्षीदार आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत भारी. या प्रतिरूपाचे सारे म्हणणे असे की तारे जुने असू देत, पृथ्वी तरुण आहे. मग ताऱ्यांना सोडा, पृथ्वीच्याच खिशातले घड्याळ काढून पाहा. पश्चिम ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्स या भागात झिरकॉन नावाच्या खनिजाचे वाळूच्या कणांएवढे स्फटिक सापडतात. स्फटिक तयार होताना झिरकॉन युरेनियमला आत घेतो आणि शिशाला जवळजवळ थारा देत नाही. त्यामुळे आज आत जे शिसे सापडते ते मुख्यतः युरेनियमच्या ऱ्हासातून आलेले असते. गंमत अशी की एकाच कणात दोन स्वतंत्र घड्याळे चालू असतात. युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे, युरेनियम-२३५ चे सुमारे ७० कोटी वर्षे, आणि दोन्हींचा ऱ्हास शिशाच्या निरनिराळ्या समस्थानिकांत, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या अणूंत, होतो. कणातून शिसे गळाले किंवा बाहेरून शिरले, तर दोन घड्याळांचे एकमत मोडते आणि ते लगेच लक्षात येते. जिथे दोन्हींचे एकमत होते, अशा सर्वांत जुन्या कणाचे वय सुमारे ४४० कोटी वर्षे निघते. हा कण इथला आहे. तो कोणत्याही दूरच्या दीर्घिकेत नव्हता, आणि चौथ्या दिवशी पृथ्वीवरचा काळ थांबला असेल तर त्याचाही थांबला होता. श्वेतविवराच्या कल्पनेत या कणाला द्यायला काहीच उत्तर नाही. उलट, पृथ्वीवरचा काळ जितका मंदावला असे म्हणावे, तितके हे वय अधिक अडचणीचे होते. ऱ्हासाचा वेगच पूर्वी वेगळा होता, असे काही जण म्हणतात. पण तसे म्हटले की आपण श्वेतविवर सोडून दुसऱ्याच दाव्यावर गेलेलो असतो, हे शांतपणे नोंदवा.

हम्फ्रीज यांनी टीकेला उत्तरे दिली आणि पुढे आपल्या मांडणीत बदलही केले. दरम्यान याच गटातील जेसन लायल यांनी २०१० मध्ये, प्रकाशाच्या एकेरी वेगाची व्याख्या आपण हवी तशी ठरवू शकतो या आधारावर, वेगळेच उत्तर पुढे केले. एका प्रश्नाला अनेक उत्तरे सुचवली जाणे हा शास्त्रात दोष नाही. दोष आहे तो उत्तर आधी ठरवून मग त्याच्यापर्यंत नेणारी वाट शोधण्यात, कारण मग एक वाट बंद झाली की उत्तर न बदलता फक्त वाट बदलली जाते. नारळीकरांचेच उदाहरण पाहा. महास्फोटाचा सिद्धांत त्यांना आयुष्यभर मान्य नव्हता. हॉईल आणि बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी १९९३ मध्ये अर्धस्थिर विश्वाचे पर्यायी प्रतिरूप मांडले. बहुसंख्य शास्त्रज्ञांना ते पटले नाही, पण त्याला कोणी अशास्त्रीय म्हटले नाही, कारण कोणते निरीक्षण त्याच्या बाजूने जाईल आणि कोणते विरुद्ध, हे त्यात उघड होते. प्रस्थापित सिद्धांताला आव्हान देणे आणि शास्त्राबाहेर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्याच न्यायाने तुमच्या बाजूच्या उणिवाही लपवू नका. कृष्णद्रव्य कशाचे बनले आहे ते ठाऊक नाही. प्रसरणाचा आजचा वेग विश्वाच्या आदिप्रारणावरून काढला तर ६७ च्या आसपास येतो आणि जवळच्या तारकांवरून काढला तर ७३ च्या आसपास, किलोमीटर प्रतिसेकंद प्रति मेगापार्सेक या एककात. ही तफावत अजून मिटलेली नाही. विश्वाचे परस्परांपासून फार दूरचे भाग एकाच तापमानाचे कसे, याला अतिजलद प्रसरणाच्या कल्पनेने उत्तर दिले जाते, पण तीही पूर्णपणे सिद्ध झालेली नाही. तुमचे सहकारी हे मुद्दे काढणारच. ते खरे आहेत असे म्हणा आणि विचारा, यातला कोणता मुद्दा झिरकॉनच्या कणाचे वय ४४० कोटींवरून सहा हजारांवर आणतो?

आता वादविवादाबद्दल. व्यासपीठावर, घड्याळ लावून, टाळ्यांच्या साथीने होणारा वादविवाद स्वीकारू नका. तुम्हाला येत नाही म्हणून नव्हे, तर एका मिनिटात दहा दावे करता येतात आणि त्यातल्या एकाचे उत्तर द्यायला दहा मिनिटे लागतात म्हणून. अशा सभेत शेवटी वक्तृत्व जिंकते, आणि हरलेला माणूस, तो तुम्ही असाल वा ते, महिनाभर तोंड चुकवत फिरतो. त्याऐवजी लेखी देवाणघेवाण सुचवा. दोघांनी आळीपाळीने लिहावे, मधे पुरेसे दिवस असावेत, आणि सर्व लेखन अभ्यासमंडळाला एकत्र वाचायला द्यावे. समीकरणांवर अडलात तर सापेक्षता शिकवणाऱ्या एखाद्या प्राध्यापकाला दोघांनी मिळून प्रश्न पाठवा, आणि प्रश्नाचे शब्द दोघांना मान्य असू द्या.

विषयाचे वाक्य तर आधीच लिहून ठरवा. ‘विश्व देवाने निर्माण केले का?’ हा या वादाचा विषय नाही आणि तो होऊ देऊ नका. त्यावर तुमच्या पदवीचा काही उपयोग नाही आणि त्यांच्या समीकरणांचाही नाही. विषय एवढाच असावा की या प्रतिरूपात पृथ्वीवर राहिलेले घड्याळ किती वर्षे दाखवते.

त्यांना न दुखावण्याबद्दल तुम्ही विचारले आहे. वाद आपोआप श्रद्धा विरुद्ध अश्रद्धा असा होऊ लागला की डॉन पेज यांची आठवण करून द्या. किंवा जॉर्ज लमेत्र यांची: विश्वाचा आरंभ एका आदिअणूतून झाला ही कल्पना १९३१ मध्ये मांडणारे हे गृहस्थ कॅथलिक धर्मगुरू होते, आणि १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी त्या सिद्धांतात निर्मितीच्या शिकवणीला दुजोरा पाहिला, तेव्हा खुद्द लमेत्र यांना ते रुचले नाही. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नापासून अलग राहावा, असे त्यांचे मत होते. हे तुमच्या सहकाऱ्यांना पटेलच असे नाही. सहा हजार वर्षे हा आकडा त्यांच्यासाठी केवळ आकडा नसेल, त्यावर त्यांची इतरही काही बांधिलकी उभी असेल, आणि ती एका पत्रव्यवहाराने हलावी अशी अपेक्षा ठेवणे मला योग्य वाटत नाही. तुमचे काम प्रतिरूप तपासण्यापुरते आहे. ज्येष्ठ माणसाला चारचौघांत चूक दाखवण्यापेक्षा, त्याच्याच हातात पेन्सिल देऊन हिशेब करायला सांगणे अधिक आदराचे असते, आणि ते तर अभियंता आहेत.

म्हणून पहिले पत्र तुम्हीच लिहा आणि ते छोटे ठेवा. प्रतिरूपातील कोणते गृहीतक तुम्हाला मान्य आहे ते सांगा: श्वेतविवर गणितात शक्य आहे, गुरुत्वाकर्षणाने काळ मंदावतो, विश्वाला कडा आहे हेही वादापुरते मान्य. त्यानंतर लिहा की या विश्वात धुळीच्या कणाबरोबर वाहणारी दोन घड्याळे आहेत, एक मध्याशी आणि एक दूर. आरंभापासून आजपर्यंत दोन्ही किती काळ दाखवतात, ते कृपया फक्त या घड्याळांच्या भाषेत, कोणताही काल-निर्देशक मधे न आणता, काढून दाखवा. कोणते निरीक्षण हाती आले तर तुम्ही हे प्रतिरूप सोडून द्याल, हेही त्याच पत्रात विचारा, आणि तुम्ही स्वतः कोणत्या निरीक्षणाने महास्फोटाचा सिद्धांत सोडाल ते खाली आधी लिहून द्या. उत्तर यायला वेळ लागला तर स्मरणपत्र पाठवू नका. उत्तरात हिशेबाऐवजी नुसतेच दहा नवे मुद्दे आले, तर त्यातल्या एकाही मुद्द्याला हात न लावता तोच प्रश्न पुन्हा, त्याच शब्दांत, नम्रपणे विचारा.